साहेब, आमच्या वाट्याला नळाची नऊ मिनिटं येतात

मा. सांख्यिकी मंत्री, भारत सरकार, यांस

नमस्कार साहेब. मी विक्रोळी पार्कसाइटच्या डोंगरावर राहते आणि अंधेरीला एका ऑफिसात अकाउंट्सचं काम करते, म्हणजे दिवसभर आकड्यांतच असते. पाण्याचं गाऱ्हाणं पाणीपुरवठा मंत्र्यांकडे न नेता तुमच्याकडे का आणलं असं तुम्हाला वाटेल, तर पाणी देणारे दुसरे आहेत पण देशाला पाणी मिळालं की नाही हे मोजायचं काम तुमच्या मंत्रालयाकडे आहे, आणि मला मोजण्याबद्दलच बोलायचंय.

मागे आमच्याकडे एक मुलगा टॅब घेऊन सर्व्हेला आला होता. दुपारची वेळ, आई एकटीच घरी. पाणी कुठून भरता, तर नळाचं. नळ कुठंय, तर खाली गल्लीत. पुरतं का? आई म्हणाली, "पुरवतो आम्ही." त्याने पुरेसं या खान्यात टिक केली आणि पुढच्या घरी गेला. आईने रात्री जेवताना हे सहज सांगितलं पण माझ्या डोक्यातून ते जाईना. त्या पोराला दोष नाही देत मी, त्याला उन्हात अजून पन्नास पायऱ्या चढून वीस घरं करायची होती आणि त्याच्या टॅबमध्ये "पुरवतो" ला खानाच नव्हता.

आम्ही कसं पुरवतो ते सांगते. आमचं ग्रुप कनेक्शन आहे, पाच घरांत एक नळ, आमच्या दारापासून 62 पायऱ्या खाली. पाणी येतं पहाटे साडेचारला आणि जातं सव्वापाचला, म्हणजे पंचेचाळीस मिनिटं, भागिले पाच, आमच्या वाट्याला नऊ मिनिटं. आई चारला उठून नंबर लावते. प्रेशर असेल तर मोटार लावून पाइपने वर चढवतो, नसेल तर हंडे. आणि त्या नऊ मिनिटांतली पहिली दीड-दोन मिनिटं वाया जातात कारण सुरुवातीचं पाणी पिवळट येतं, वास येतो, ते सोडून द्यावं लागतं. आई नळाच्या तोंडाला जुन्या साडीचा पदर चौपदरी करून बांधते, चार दिवसांनी सोडला की आत तपकिरी चिखलाचा थर असतो, हाताला बुळबुळीत लागतो. हे पाणी खराब का होतं तेही आम्हाला माहितीये, आमच्याकडे येणारे पाइप गटारातून गेलेत, पाणी चालू असताना आत दाब असतो म्हणून काही होत नाही पण पाणी गेलं की पाइप रिकामा होतो आणि जिथे जॉइंट ढिला असेल तिथून गटाराचं पाणी आत ओढलं जातं, आणि दुसऱ्या दिवशी तेच आधी बाहेर येतं. शेजारीच भांडुप कॉम्प्लेक्स आहे, तिथून पाणी चांगलं शुद्ध होऊनच निघतं. ते शेवटच्या शे-दोनशे मीटरमध्ये बिघडतं आणि तिथे मोजायला कुणी येत नाही.

शहरात दर माणशी दिवसाला 135 लिटर हे सरकारचं प्रमाण आहे ना? आम्ही पाच जण. 675 लिटर झाले. पंधरा लिटरच्या हंड्याने पंचेचाळीस हंडे होतात साहेब, रोजचे, नऊ मिनिटांत.

आता तुमचे आकडे. 2020-21 च्या तुमच्याच राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या 78 व्या फेरीत देशातल्या 95 टक्क्यांहून जास्त लोकांना पिण्याच्या पाण्याचा सुधारित स्रोत आहे असं आलं. तो आकडा खोटा आहे असं मी अजिबात म्हणत नाही, कारण त्या हिशोबाने आम्हीही त्यात बसतो, नळ आहे म्हणजे सुधारित स्रोत आहेच. पण 2015 ला जगातल्या सगळ्या देशांनी मिळून शाश्वत विकासाची ध्येयं ठरवली, त्यातलं सहावं पाणी आणि स्वच्छतेचं, 2030 पर्यंत गाठायचं, आपणही त्यावर सही केलीय, आणि तिथली मोजपट्टी याच्या पुढची आहे. पाणी घराच्या आवारात हवं, लागेल तेव्हा मिळायला हवं, आणि त्यात मैल्याचा किंवा घातक रसायनांचा अंश नको. तिन्ही असेल तरच ते सुरक्षित पाणी. डब्ल्यूएचओ आणि युनिसेफ मिळून सोयीच्या दर्जाची जी शिडी मांडतात त्यात तर घराबाहेरून पाणी आणायला जाऊन-येऊन, रांगेसकट, अर्ध्या तासाच्या वर लागत असेल तर ती खालची पायरी धरतात. रांगेसकट हा शब्द मी दोनदा वाचला, कुणीतरी रांग मोजलीये हे बघून फार बरं वाटलं. तुमच्या काही सर्व्हेतही वेळ विचारतात हे मला माहितीये, पण तो आत कुठेतरी तक्त्यात राहतो आणि पेपरात, भाषणात येतो तो एकच मोठा टक्का.

संडासाचं तर याहून वाईट आहे. 2 ऑक्टोबर 2019 ला ग्रामीण भारत हागणदारीमुक्त जाहीर झाला. शहरांसाठीचा नियम असा की ज्यांच्या घरात संडास बांधायला जागा नाही त्यांना 500 मीटरच्या आत सार्वजनिक संडास असला की झालं. आमच्याकडे आहे, 500 च्या बराच आत आहे. पण त्याला रात्री अकराला कुलूप लागतं, बायकांच्या बाजूला दोन दरवाजांना कडी नाही, एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेर उभं राहून दरवाजा धरायचा. आई संध्याकाळी सातनंतर पाणी पीत नाही, वीस वर्षं पीत नाही, आणि आमच्या गल्लीत ती एकटी नाहीये. जी बाई पहाटे चारला उठून पाण्यासाठी भांडते तीच संध्याकाळी तहान मारते. तोच संडास त्या आंतरराष्ट्रीय शिडीवर "मर्यादित" या पायरीवर जातो, कारण तो दुसऱ्या घरांबरोबर वाटून घ्यावा लागतो, आणि आपल्याकडे तो काम झालं या खात्यात जमा होतो. आणि खालची टाकी उपसल्यावर मैला कुठे जातो हेही त्या मोजपट्टीत विचारतात. मुंबईत वरळी, वांद्रे, मालाड, घाटकोपर, धारावी, भांडुप, वर्सोवा असे सात नवे सांडपाणी प्रकल्प होतायत, चांगलंच आहे, पण डोंगरावरची टाकी गटाराच्या लाइनला जोडलेलीच नसेल तर आमचा मैला त्या प्रकल्पापर्यंत जाणार कसा?

मुंबईत रोज पेपरात सात तलावांचा साठा येतो, दशांशासकट. 2024 च्या जूनमध्ये साठा कमी झाला म्हणून दहा टक्के पाणीकपात झाली तेव्हा दहा टक्के म्हणजे इमारतीत टाकी थोडी कमी भरली, आमच्याकडे शेवटच्या टोकाला प्रेशरच गेलं आणि मोटार नुसती हवा ओढत राहिली. तलाव मोजायला माणूस आहे, टोकाचा नळ मोजायला नाही. डिसेंबर 2014 मध्ये मुंबई हायकोर्टाने सांगितलं की झोपडी बेकायदा असली तरी माणसाला पाणी नाकारता येणार नाही, म्हणजे हक्काचा प्रश्न तिथे मिटला. पण हक्क मिळाला की नाही हे मोजणार कोण, तर तुम्ही.

म्हणून विनंती अशी. पुढच्या सर्व्हेत "स्रोत आहे का" याच्या पुढे विचारा, पाणी किती वाजता येतं, किती मिनिटं असतं, किती घरांत वाटलं जातं, भरतं कोण, आणि शक्यतो जी भरते तिलाच विचारा, दुपारी घरात जो भेटेल त्याला नको. संडास रात्री उघडा असतो का हे विचारा. नळाच्या तोंडाशी पाणी तपासा, पहिल्या मिनिटाचं. आणि जे येईल ते मोठ्या टक्क्याच्या शेजारी त्याच अक्षरात छापा, वॉर्डनिहाय, कारण अख्ख्या मुंबईची सरासरी काढली की आमचा डोंगर त्यात बुडून जातो. जनगणना गृहखात्याकडे आहे हे माहितीये, पण 1 मार्च 2027 च्या जनगणनेचे आकडे शेवटी तुमच्याच टेबलावर येणार. 2011 च्या जनगणनेत शहरात 100 मीटरच्या आत नळ असला की तो जवळ धरला होता. आमचा नळ जवळच आहे. हंडा डोक्यावर घेऊन 62 पायऱ्या चढेपर्यंत तो जवळ राहत नाही.

मी एक महिना वही ठेवली, रोज पाणी किती वाजता आलं आणि किती वाजता गेलं एवढंच लिहिलंय. मी कामावरून उशिरा आले त्या दिवशी आईने लिहिलंय, अक्षर तिचं आहे. वहीचे फोटो सोबत जोडतेय. 19 तारखेचं पान भरताना भिजलं, शाई पसरलीये, तिथे 4:50 ते 5:05 असं वाचावं.

आपली,
विक्रोळी पार्कसाइटची एक रहिवासी