गुजरी महालाच्या दुरुस्तीआधी

प्रति,
माननीय संस्कृती मंत्री,
मध्य प्रदेश शासन, भोपाळ

महोदय,

ग्वाल्हेरचा किल्ला चढू लागताना आलमगिरी दरवाज्याच्या आत जो गुजरी महाल लागतो, त्याच्या यापुढील दुरुस्तीविषयी मी आपणांस लिहीत आहे. राजा मानसिंह तोमराने (कारकीर्द १४८६ ते १५१६) तो मृगनयनी राणीसाठी बांधला आणि तिच्या अटीप्रमाणे तिच्या राई गावाकडचे पाणी येथवर आणले, अशी आख्यायिका आहे.

आम्हा ग्वाल्हेरच्या मराठी मंडळींना ही वास्तू मोरेश्वर बळवंत गर्दे यांच्यामुळेही जवळची वाटते. माधवराव महाराज शिंदे यांच्या काळात संस्थानाच्या पुरातत्त्व खात्याची धुरा सांभाळताना त्यांनी रानोमाळ पडलेल्या मूर्ती, स्तंभशीर्षे आणि शिलालेख जमवून येथे संग्रहालय उभे केले. १९२२ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. ग्यारसपूरची शालभंजिकेची मूर्ती येथेच आहे. हात तुटलेले असूनही तिच्या उभे राहण्यातला डौल उणावलेला नाही. आमच्याकडे आलेल्या पाहुण्यांना जयविलास राजवाडा पाहण्याची घाई असते, पण मी त्यांना आधी तिच्यासमोर आणतो.

माझी पहिली विनंती चुन्याची आहे. ही वास्तू वालुकाश्माची असून या दगडात ओल मुरते. सांधे चुन्याचे असले, तर ती ओल सांध्यांतून बाहेर पडते. सिमेंटने तेच सांधे बुजवले, की ती दगडातच कोंडते, तिच्याबरोबर आलेले क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली साठतात आणि पापुद्रे सुटू लागतात. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या जुन्या घराच्या जोत्याला आम्ही मजबुतीच्या समजुतीने सिमेंट लावले होते; काही पावसाळ्यांतच कोरीव दगडाची धार गेली, ती परत आणता आली नाही. म्हणून निविदेत चुना, सुरखी (विटांची भुकटी) आणि चुन्याच्या कामात मुरलेले गवंडी यांची अट स्पष्ट शब्दांत असावी, आणि काम सर्वांत कमी दराला देण्याऐवजी आधी नमुन्याची भिंत करून घेऊन ती पारखावी.

मात्र चुन्याला पाणी मारत राहावे लागते, आणि येथे माझी खरी काळजी सुरू होते. १९२१ मध्ये नंदलाल बोस, असितकुमार हलदार आदी चित्रकारांनी बाघ लेण्यांतील भित्तिचित्रांच्या ज्या प्रतिकृती केल्या, त्यांतील काही याच संग्रहालयात आहेत. लेण्यांतली मूळ चित्रे पुष्कळशी विरून गेल्यामुळे या प्रतिकृतींनाच आता मुळाचे मोल आले आहे. भिंतीला जे पाणी हवे, तेच या चित्रांचा घात करील. तेव्हा पहिली परांची उभी राहण्यापूर्वी ती चित्रे कोरड्या, मंद प्रकाशाच्या जागी हलवावीत, प्रत्येकीची स्थिती छायाचित्रासह नोंदवावी, आणि भिंती पूर्ण सुकल्याची मोजणी झाल्यावरच ती परत आणावीत.

या दोन्ही अटी कामाच्या आदेशातच घालाव्यात, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.

आपला नम्र,
लष्कर, ग्वाल्हेर येथील एक रहिवासी