मे महिन्यात बीडला निघालेल्या लेकीस

चि. प्राजक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या शिष्यवृत्तीचे पैसे जमा झाले आणि सुट्टीचा महिना तू धारूर-केजकडच्या ऊसतोड कामगारांच्या गावांत राहून त्यांच्यावर लेख लिहिण्यात काढणार आहेस, हे आईकडून कळलं. फार आनंद झाला. फोनवर एवढं बोलणं होत नाही, म्हणून लिहितोय.

वेळ तू अगदी बरोबर निवडलीस. या विषयावर लिहिणारे बहुतेक जण दिवाळीनंतर आपल्या वाळव्याच्या भागात तोड चालू असताना येतात. फडातला कोयता, बाईच्या डोक्यावरची मोळी, झोपडीपुढची चूल यांचे फोटो काढतात आणि जातात. पण हंगाम ठरतो तो उन्हाळ्यात. कारखाने बंद झाले की तोडणी मजुरांच्या टोळ्या गावी परततात. कुणाच्या घरी लग्न असतं, कुणाचं दवाखान्याचं देणं, कुणाला पेरणीची चिंता. याच दिवसांत मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, पुढच्या हंगामाची उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, देऊ लागतो. एक कोयता म्हणजे नवरा-बायको दोघं, म्हणजे उचल दोघांच्या कष्टावर. पुढे दिवसाकाठी दीड-दोन टन ऊस तोडून ती फेडायची, आणि नाही फिटली तर बाकी पुढच्या वर्षावर.

म्हणून उचलीपाशी थांब, घाई करू नकोस. लेखी काही असतं का? हिशेबाची वही कुणाकडे? बाईच्या हातात त्यातले किती येतात? 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढीचा करार झाला. ती वाढ त्या वहीत दिसते का, हे घरोघरी विचार. माझ्या मते तुझ्या लेखाचा जीव यातच आहे.

बायकांशी बोलताना जपून. गर्भाशय काढलेल्या बायकांची संख्या पाहून 2019 साली सरकारने समिती नेमली, तेव्हा बीड जिल्ह्यात अशा तेरा हजारांहून जास्त बायका आढळल्या. तिकडे ‘पिशवी काढली’ म्हणतात. खाडा झाला की पैसे कापले जातात, मग दुखणं अंगावर काढलं जातं. मुकादम, नवरा किंवा सरपंच बसलेले असताना हा विषय काढूच नकोस. गावातल्या आशा सेविकेला विचारून जा. नाव छापू नका म्हणाली तर नाव नाही, आणि घराचा फोटोही नाही. लहान गावात दारावरून माणूस ओळखू येतो.

आणि तू ऊस बागायतदाराची मुलगी आहेस, हे पहिल्याच भेटीत सांग. आपला ऊस त्यांच्याच भागातली टोळी तोडते. ऐकून कुणी गप्प होईल, कुणी उलट जास्त बोलेल. लेखातही ते लिही. आपल्याकडचे शेतकरी खुशालीच्या नावाने चिडलेले असतात, कारण मजुरीशिवाय टोळीला एकरामागे हे वरचे पैसे द्यावे लागतात आणि नाही दिले तर तोड लांबते, ऊस वाळतो, वजन घटतं. तेही खरं आहे, ते झाकू नकोस. मात्र खुशालीचा पैसा मुकादमाच्या वहीत जात नाही, तो रोख हातात येतो. कर्जात अडकलेला माणूस तो का मागतो, हे तिथे बसून समजून घे. मलाही ते तुझ्याकडून वाचायचं आहे.

दिवसा कुणाची मजुरी बुडवू नकोस, दिवेलागणीला जा. मुलाखतीचे पैसे देऊ नकोस, पण जेवायला बसवलं तर नाही म्हणू नकोस. ऊन चाळिशीच्या वर असेल, बाटली भरलेली ठेव. खर्चाच्या पावत्या जपून ठेव, शिष्यवृत्तीवाल्यांना हिशेब द्यावा लागेल.

एसटीला बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यातून जे वाचेल ते दुसऱ्या फेरीसाठी बाजूला काढ. लेख छापून आला की त्याची मराठी प्रत घेऊन त्या घरांत जा आणि ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखव. तुझ्या वेळापत्रकात हा प्रवास मला दिसला नाही, तो आत्ताच लिहून टाक. आणि दसऱ्यानंतर ती कुटुंबं कोणत्या कारखान्यावर उतरतात ते विचारून ठेव. वाळव्याच्या आसपास आली तर आपल्या घरूनच फडावर जाता येईल, मी गाडीवर सोडेन.

तुझे,
आप्पा