कॅनरी बेटांहून अटलांटिक क्रॉस करणाऱ्या फॅमिली बोटींसाठी रिमाइंडर

नमस्कार मंडळी, हरिकेन सीझन अधिकृतपणे 30 नोव्हेंबरला संपतो, त्यामुळे ज्या बोटी त्या सुमाराला कॅनरीतल्या लास पामासहून कॅरिबियनमधल्या सेंट लुशियाला निघतायत त्यांनी आता गाद्यांची कव्हरं, पॉलिश वगैरे राहू द्या आणि आधी मास्टवर (शिडाच्या खांबावर) चढा. साधारण 2700 नॉटिकल मैल जायचंय, वारा बहुतेक मागून आणि बोट रात्रंदिवस डोलणार, म्हणजे दोर एकाच जागी घासत राहतो आणि तिथेच तुटतो. मास्टला ताणून धरणारी वायर टोकाच्या फिटिंगमधे जिथे शिरते तिथे कापसाचा बोळा फिरवून बघा, एखादी तार जरी तुटलेली असेल तर कापूस अडकतो, मग ती वायर बदलायचीच, "चालेल अजून" असं म्हणू नका प्लीज.

वॉटरमेकर (समुद्राचं पाणी गोडं करणारं मशीन) असला तरी पिण्याचं पाणी माणशी दिवसाला 3 ते 4 लिटर धरून वेगळ्या कॅनमधे भरा. पुठ्ठ्याचे खोके जेटीवरच टाका, त्यात झुरळांची अंडी येतात.

ईपर्बच्या (संकटात सॅटेलाइटवरून मदतीचा सिग्नल पाठवणारं यंत्र) बॅटरीची तारीख बघा, आणि रजिस्ट्रेशनमधे बोटीवरच्या माणसाचा नाही तर जमिनीवर असणाऱ्या नातेवाइकाचा चालू नंबर द्या, सिग्नल गेला की पहिला फोन तिकडेच जातो.

मुलांना हार्नेसची (बोटीला अडकवून ठेवणाऱ्या अंगावरच्या पट्ट्याची) सवय आत्ता मरीनातच लावा, केबिनमधून वर पाऊल टाकायच्या आधी क्लिप, मोठ्यांनीही, मुलं तुमचंच बघून करतात.

लाइफराफ्ट सर्व्हिसिंगला द्यायचीय त्यांनी आजच इथे सांगा, एकत्र पाठवू.