कानेशिरो आणि किंजो

चि. मुक्ता हिस,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या कानेशिरो आडनावाच्या घरमालकीणबाईंना पडलेला प्रश्न रास्तच आहे. होनोलुलूत पावलोपावली कानेशिरो भेटतात. मग बाईंच्या आजोबांच्या ओकिनावात, म्हणजे जपानच्या दक्षिणेकडच्या बेटांत, कानेशिरो इतके कमी कसे? अगं, तिथे ते आहेत, पण किंजो म्हणून.

आडनावात कांजी, म्हणजे जपानी लिपीतली अर्थवाचक चिन्हं, दोन : एक सोन्याची, दुसरी किल्ल्याची. एकाच कांजीचे दोन-तीन उच्चार असतात, हे तुला माझ्या वर्गात मागे बसून गृहपाठ करता करताच पाठ झालं होतं. ही जोडी कानेशिरो अशीही वाचता येते आणि किंजो अशीही. मूळ उच्चार तर तिसराच, कनागुसुकु. ओकिनावाच्या स्वतःच्या भाषेत गुसुकु म्हणजे दगडी तटबंदीची गढी. र्‍युक्यू हे ओकिनावाचं राज्य जपानने 1879 मध्ये खालसा केलं आणि हळूहळू नावंही जपानी वळणाने वाचली जाऊ लागली.

डिसेंबर 1899 मध्ये पहिली तुकडी ओकिनावाहून निघाली आणि जानेवारीत त्यातले 26 जण हवाईच्या उसाच्या मळ्यांवर आले. 1908 मध्ये ब्राझीलच्या सांतोस बंदरात लागलेल्या ‘कासातो मारू’ जहाजातल्या 781 जणांमध्येही ओकिनावाची माणसं पुष्कळ होती. ब्राझील-पेरूत हेच आडनाव कानाशिरो झालं.

खरा बदल मागे राहिलेल्यांनी केला. ओसाका-तोक्योत पोटासाठी गेलेल्या ओकिनावाच्या लोकांना नाव ऐकूनच खोली नाकारायचे, टिंगल व्हायची. म्हणून 1930 च्या दशकात नावांचे उच्चार जपानच्या मुख्य भूमीसारखे करायची मोहीमच निघाली. कानेशिरोचे किंजो झाले, मियाशिरोचे मियागी. परदेशातल्या बहुतेकांनी मात्र कागदोपत्री चढलेलं नावच पुढे चालवलं. आपल्याकडे उलटं : गावचे शिंदे शिंदेच राहिले, ग्वाल्हेरला गेलेले सिंधिया झाले.

हवाईतही त्यांची टिंगल चुकली नाहीच. तिथले इतर जपानी त्यांना डुकरं पाळणारे म्हणून हिणवत. पण दुसऱ्या महायुद्धात ओकिनावा बेचिराख झाल्यावर 1948 मध्ये हवाईतल्या याच ओकिनावाच्या लोकांनी वर्गणी काढून 550 डुकरं जहाजाने तिकडे पाठवली. मला हे फार आवडतं. बाईंना नक्की विचार, त्यांच्या घरात ही गोष्ट कुणीतरी सांगितली असेल.

आता कामाचं, म्हणजे बाईंच्या आजोबांचं मूळ घर शोधायचं. नुसत्या रोमन लिपीतल्या कानेशिरोवर विसंबू नका. पहिली कांजी वेगळी असलेलंही एक कानेशिरो आहे आणि ते घराणं निराळं. आजोबांच्या थडग्यावर कांजी कोरलेली असेल, तर तिचा स्पष्ट फोटो काढ, म्हणजे मी वाचून सांगते. गावाचं नाव एखाद्या जुन्या पत्रावर मिळालं तर फारच उत्तम, कारण ओकिनावातल्या बऱ्याचशा कुटुंबनोंदी 1945 च्या लढाईत जळाल्या. नाहा शहरातल्या प्रांतिक ग्रंथालयात स्थलांतरितांच्या वंशजांना मुळं शोधायला मदत करतात. तिथे लिहिताना कानेशिरो आणि किंजो, दोन्ही उच्चार दे. पत्राचा जपानी मसुदा मी करते. बाईंकडून आजोबांचं पूर्ण नाव आणि ते हवाईत कधी आले ते साल तेवढं विचारून ठेव.

तुझी,
आई