बंदुका जमा झाल्या, आता काळजी करू नका

अॅशबर्टन, न्यूझीलंड
दि. 22 डिसेंबर 2019

ती. बापू व ती. सौ. आई यांना शिरसाष्टांग नमस्कार.

मी खुशाल आहे. गायी, दूध, पहाटेचं उठणं तुम्हाला ठाऊकच आहे. आई, कळण्याचं पीठ अजून उरलंय, जपून वापरतो.

परवा फोनवर तू पुन्हा विचारलंस, "तिथे घरोघरी बंदुका असतात म्हणे?" आणि मी चिडून बोललो. ते मनातून जात नाही, म्हणून नीट लिहितो. बापू, तिला वाचून दाखवा.

इथला शेतकरी बंदूक ठेवतो ती सशांसाठी, आपल्याकडे रानडुकरं हाकलायला नानांची बारा बोअर आहे तशीच. पण एक गोष्ट मला कितीतरी दिवस उमगली नव्हती. नानांच्या परवान्यात त्या बंदुकीचा नंबर असतो. दुसरी घ्यायची तर पुन्हा कलेक्टर ऑफिस, पुन्हा चौकशी. सप्टेंबरात आचारसंहिता लागली तेव्हा त्यांनी ती ठाण्यात जमा केली, पावती जपली, निकालानंतर सोडवून आणली. इथे परवाना माणसाला, बंदुकीला नाही. माणूस नीट आहे, कपाटाला कुलूप आहे, एवढं पोलिसांनी पाहिलं की दहा वर्षं तो साध्या बंदुका हव्या तितक्या घेऊ शकतो. त्यांची नोंदच नाही. गावात किती आहेत, हे पोलिसांनाही सांगता येत नाही. आणि त्याच पोलिसांच्या कमरेला एरवी पिस्तूल नसतं! मी मालकांना तीनदा विचारून खात्री केली.

15 मार्चला ख्राइस्टचर्चच्या दोन मशिदींत ज्याने 51 माणसं मारली, त्याच्याकडेही असाच साधा परवाना होता. नमाजाला बसलेली माणसं ती. आपल्या देशाचे पाच जण गेले. पण सरकारने वेळ घालवला नाही. पंतप्रधान बाईंनी सहा दिवसांत बंदी जाहीर केली आणि 10 एप्रिलला संसदेत 119 विरुद्ध 1 मताने कायदा झाला. लष्करी धाटणीच्या, भराभर गोळ्या सुटणाऱ्या बंदुका लोकांनी सरकारला द्यायच्या आणि पैसे घ्यायचे. नव्यासारखीला किमतीच्या 95 टक्के, वापरलेलीला 70, खराबला 25. परवा, 20 तारखेला मुदत संपली.

आमच्या मालकांकडे एक होती. ती द्यायला गेले तेव्हा मी बरोबर होतो. पोलिसांनी कागद पाहिले, बंदूक तपासली आणि यंत्राखाली दाबून तिची मोडतोड केली. मालक बघत उभे राहिले. सशांसाठीची छोटी कायद्यात बसते, ती कपाटात आहे. "आम्ही काय गुन्हा केला?" असं म्हणणारे इथे पुष्कळ आहेत आणि त्यांचा राग मला कळतो. तरी मला सरकारचंच पटलं. का, ते सांगतो.

आई, 15 मार्चला फोनवर "फार्मवरच आहे" म्हणालो, ते खरं नव्हतं. सुट्टी होती, किराण्यासाठी ख्राइस्टचर्चला गेलो होतो. दुकानदाराने शटर ओढलं आणि आम्ही नऊ जण संध्याकाळपर्यंत आत होतो. तुझा फोन आला तेव्हा मी तांदळाच्या पोत्यांमागे बसलो होतो. "आवाज असा का?" म्हणालीस, मी सर्दी झाल्याचं सांगितलं. दुकान मशिदींपासून लांब होतं, मला काही झालं नाही. पण खोटं बोललो. नऊ महिने सांगायचं राहिलं.

बापू, ताईच्या लग्नासाठी एक लाख वीस हजार पाठवलेत. केळीला भाव नाही म्हणून आईच्या पाटल्या मोडू नका, जानेवारीत आणखी पाठवतो. सोसायटीचा हप्ता मागे राहू द्या.

फैजपूरच्या पाहुण्यांनी माझ्याविषयी "मुलगा सुखरूप आहे ना?" विचारलं होतं ना, त्यांना हे पत्र दाखवा, फक्त किराणा दुकानाचं वाचू नका. मुलगी मला पसंत आहे. बोलणी मात्र मी आल्यावर करा.

आणि फेब्रुवारीतल्या ताईच्या लग्नाचं. व्हिसाचे कागद अजून आत आहेत, ते हाती येईपर्यंत इथून निघता येणार नाही. कानपिळीला मामाच्या थोरल्याला उभं करा. ताईला आत्ता काही बोलू नका. रविवारी फोन करून मीच सांगतो.

तुमचा,
धाकटा