सूचना : २१ ऑक्टोबर, पोलीस स्मृतिदिन

सर्व सभासदांस नमस्कार.

येत्या २१ तारखेला पोलीस मुख्यालयाच्या मैदानावर मानवंदनेला जायचे आहे. सकाळी पावणेआठला सर्वांनी गेटपाशी जमावे. एकदा संचलन सुरू झाले की मधूनच आत घुसणे बरे दिसत नाही.

१९५९ साली याच तारखेला लडाखमधील हॉट स्प्रिंग्ज येथे चिनी सैन्याच्या हल्ल्यात १० पोलीस जवान शहीद झाले. तेव्हापासूनचा हा दिवस. वर्षभरात देशात कर्तव्यावर असताना वीरमरण आलेल्या पोलिसांची नावे राज्यवार वाचली जातात. यादी लांबते, ऊन चढते, काहीजण घड्याळ बघू लागतात. कृपया यादी संपेपर्यंत कोणी हलू नये. शोकशस्त्राच्या वेळी रायफलींची तोंडे खाली होतात, बिगुल वाजतो. निदान तेवढा वेळ तरी मोबाइल बंद असावा, सेल्फी तर नकोच.

आपल्या सोलापूरकरांना वेगळे सांगायला नको. अशोक कामटे साहेब इथे पोलीस आयुक्त होते. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत अतिरेक्यांशी लढताना त्यांना वीरमरण आले, २००९ मध्ये मरणोत्तर अशोकचक्र मिळाले. त्यांचा बंदोबस्त पाहिलेले आपल्यात आजही कितीतरी आहेत.

पुढच्या खुर्च्या शहिदांच्या कुटुंबीयांसाठी सोडाव्यात. प्लास्टिकात गुंडाळलेले बुके आणू नयेत, सुटी फुले पुरेत. गुडघ्याचा त्रास असलेल्यांना रिक्षा लागणार असेल तर आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत ग्रुपवर कळवावे.

– सचिव