तो आवाज ऐकवल्याबद्दल

आदरणीय डॉक्टर मॅडम,

तुमच्या टेबलावर रोज किती जण येऊन जात असतील, मी कुठली लक्षात राहणार! मी ती शिवणकामवाली, उजव्या पायातली चप्पल निसटली तरी जिला कळत नव्हतं.

१४ महिने कंबर दुखत होती. एमआरआयमध्ये दोन गाद्या सरकलेल्या निघाल्या. एका डॉक्टरांनी दोन्हींचं ऑपरेशन सांगितलं, दुसऱ्यांनी ‘या वयात व्हायचंच’ म्हणून गोळ्या दिल्या. तिसऱ्यांनी माझ्याकडे न बघताच ह्यांना सांगितलं, “यांच्या मनाचं आहे सगळं.” पाय हातात धरून कोणी पाहिला नाही. त्या दिवसापासून मी कण्हले तरी हे पेपरातून मान वर करेनासे झाले.

ईएमजी म्हणजे नसांची-स्नायूंची तपासणी, तिच्या सुईची मला धास्ती होती. माझे पाय गार लागले म्हणून तुम्ही आधी गरम पाण्याची पिशवी दिलीत. “ही सुई करंट देत नाही ताई, स्नायूचं फक्त ऐकते,” म्हणालात. नडगीजवळ सुई गेली आणि पाय सैल सोडलेला असूनही मशीनमधून टपटप, टपटप. स्वस्थ पडलेला स्नायू गप्प हवा, नस दुखावली की तो आपला आपणच बोलत राहतो, हे तुमच्याकडून कळलं. कुल्ल्यात आणि पाठीतही तोच आवाज आला. म्हणजे नस गुडघ्यापाशी नव्हे, कंबरेतच दबलेली. एल-५ ची, म्हणजे कंबरेच्या पाचव्या मणक्यापाशी निघणारी.

मग तुम्ही सुई तशीच ठेवलीत आणि ह्यांना आत बोलावलंत. मशीनचा आवाज मोठा केलात. आमच्या दुकानाला पत्र्याचं छप्पर आहे, पावसाची पहिली सर त्यावर अशीच वाजते. हे ऐकत उभे राहिले. तुम्ही शांतपणे एवढंच म्हणालात, “दादा, हा आवाज मनाने काढता येत नाही.”

रिपोर्टवर हे कुठेच लिहिलेलं नाही. तपासणीच्या पैशात ते धरलेलंही नव्हतं. बाहेर रांग होती, तरी एका अनोळखी बाईची घरातली पत राखायला तुम्ही वेळ काढलात. इतकी चांगुलपणाने वागणारी माणसं आहेत, हे मी विसरत चालले होते.

त्या दिवशी बाहेर आल्यावर ह्यांनी खाली वाकून माझ्या पायात चप्पल सरकवली आणि तिचा पट्टा घट्ट केला. लग्नाला २९ वर्षं झाली, असं पहिल्यांदाच. दार लोटलेलं होतं, तुम्हाला दिसलं नसेल, म्हणून कळवते आहे.

तुमची ऋणी,
उजव्या पायाची ताई